प्रकल्प एका दिवसात बुडत नाही!

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतरची गोष्ट. विमानांच्या अपहरणकर्त्यांची छायाचित्रे देशभरातील तपास कार्यालयांपर्यंत तातडीने पोहोचवायची होती. काम होते एफबीआयचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास यंत्रणेचे. ज्या देशात शाळकरी मुलेही घरच्या संगणकावरून एकमेकांना फोटो पाठवीत होती, त्या देशाच्या नामांकित तपास यंत्रणेला मात्र ही छायाचित्रे कुरियरने रवाना करावी लागली. तिच्या संगणकांवर ती सोयच नव्हती.

उणीव केवळ छायाचित्रांपुरती नव्हती. प्रकरणांची नोंद ठेवणारी ‘ऑटोमेटेड केस सपोर्ट’ ही एफबीआयची प्रणाली १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हाच ती काळाच्या मागे होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, एका नोंदीसाठी एकामागून एक उघडावे लागणारे पडदे, असा सारा मामला. अधिकारी जबाब संगणकावर टंकलिखित करीत, त्याची छापील प्रत काढीत, वरिष्ठांची सही घेत आणि तो कागद फायलीला लावीत. खरी नोंद कागदाचीच! शोधाची सोय इतकी तोकडी, की ‘फ्लाइट’ हा शब्द शोधता येई, ‘स्कूल’ हा शब्दही शोधता येई; पण ‘फ्लाइट स्कूल’ ही जोडी एकत्र शोधता येत नसे. हल्ल्याच्या दोन महिने आधी, जुलै २००१ मध्ये, फिनिक्स येथील एका अधिकाऱ्याने विमानोड्डाण शिकवणाऱ्या संस्थांमधील काही संशयास्पद विद्यार्थ्यांविषयी मुख्यालयाला टिपण पाठवले होते. चांगली प्रणाली असती तर हल्ला टळला असता, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. परंतु हाती असलेली माहिती हवी त्या माणसाला हवी तेव्हा न सापडणे म्हणजे काय, हे त्या टिपणावरून कळते.

या जुन्या प्रणालीच्या जागी नवी आणण्याचा एफबीआयचा पहिला प्रयत्न साफ फसला. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाच्या त्या प्रकल्पावर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले आणि २००५ मध्ये तो गुंडाळण्यात आला. दुसरा प्रयत्न, ‘सेंटिनेल’, २००६ मध्ये सुरू झाला. तोही २०१० मध्ये रुतून बसला. पण नंतर एका छोट्या चमूने तो मार्गी लावला आणि जुलै २०१२ मध्ये नवी प्रणाली कार्यान्वित झाली. संस्था तीच, काम तेच, अडचणीही बऱ्याच अंशी त्याच. मग एकदा अपयश आणि एकदा यश, हे कसे? सॉफ्टवेअर प्रकल्पांचे व्यवस्थापन समजून घ्यायचे असेल तर याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मजले मोजता येतात, आज्ञावली नाही

सॉफ्टवेअर प्रकल्प वरचेवर का फसतात, या प्रश्नाचे मूळ त्या वस्तूच्या स्वभावातच आहे. पुण्यात एखादी बारा मजली इमारत उभी राहत असेल, तर रस्त्याने जाणाऱ्यालाही सांगता येते की सातवा स्लॅब झाला, पाच राहिले. बांधकाम थांबले तर तेही दिसते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. शंभर अभियंते वर्षभर राबले तरी बाहेरच्या माणसाला दिसतात ते फक्त संगणकापुढे बसलेले शंभर जण. त्यांनी लिहिलेल्या लाखो ओळी परस्परांशी जुळतात का, हे त्या एकत्र आणून चालवून पाहिल्याशिवाय खुद्द त्यांनाही ठाऊक नसते.

म्हणूनच ‘नव्वद टक्के काम झाले’ हे या व्यवसायातील सर्वांत फसवे वाक्य मानले जाते. उरलेल्या दहा टक्क्यांत सारे तुकडे जोडणे, चुका शोधणे, प्रत्यक्ष वापराचा भार पेलतो का हे पाहणे, जुनी माहिती नव्या प्रणालीत आणणे अशी सगळी अवघड कामे दडलेली असतात. प्रकल्पांच्या साप्ताहिक अहवालांत प्रगती दाखवण्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग वापरण्याची पद्धत आहे. अहवालात महिनोन् महिने हिरवा असलेला प्रकल्प शेवटच्या पंधरवड्यात एकदम लाल होतो. आयटीच्या बोलीत अशा प्रकल्पाला ‘कलिंगड’ म्हणतात. बाहेरून हिरवे, आतून लाल!

सॉफ्टवेअरचे डिझाइन म्हणजे पडद्याची रंगसजावट, असा एक सार्वत्रिक समज आहे. पडदा हा त्यातील लहानसा भाग. प्रणालीचे भाग कोणते, कोणती माहिती कुठे साठवायची, कोणत्या भागाने कोणाशी बोलायचे, कोणाला काय पाहण्याची मुभा द्यायची, हे सारे निर्णय डिझाइनमध्ये येतात. घराचा पाया घातल्यावर खोल्यांची जागा बदलणे जितके महाग, तितकेच हे निर्णय मागाहून फिरवणे महाग. आणि नेमके हेच निर्णय सर्वांत कमी माहिती हाती असताना, म्हणजे प्रकल्पाच्या आरंभी घ्यावे लागतात. व्यवस्थापनाची खरी कसोटी येथे लागते.

आठशे पानांचा आराखडा

व्हर्च्युअल केस फाइल हा ‘ट्रिलॉजी’ नावाच्या तीन भागांच्या योजनेतील एक भाग होता. नवे संगणक, नवे संदेशवहन जाळे आणि नवे सॉफ्टवेअर असे ते तीन भाग. सॉफ्टवेअरचे काम जून २००१ मध्ये सायन्स अॅप्लिकेशन्स इंटरनॅशनल कॉर्पोरेशन, म्हणजेच एसएआयसी या कंपनीला देण्यात आले. मूळ कल्पना माफक होती. जुन्या प्रणालीला वापरायला सोपा असा नवा दर्शनी भाग जोडायचा, एवढेच. सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मात्र सारेच बदलले. जुन्याची डागडुजी नको, सर्वस्वी नवी प्रणाली हवी, तीही शक्य तितक्या लवकर, असा निर्णय झाला. हेतू चांगला होता. पण कामाचा आवाका कितीतरी पटींनी वाढला असताना मुदत मात्र उलट आवळली गेली.

त्यानंतर गरजांची यादी करण्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या आणि आठशेहून अधिक पानांचा आराखडा तयार झाला. वरवर पाहता ही मोठी काटेकोर पद्धत वाटते. वस्तुतः तो प्रकल्पाच्या दुखण्याचा आरंभ होता. बारीकसारीक तपशील त्यात लिहिले गेले. पण प्रणालीने नेमके काय साधायचे आणि काय साधायचे नाही, हे ठामपणे सांगणारे कोणी नव्हते. काम चालू असताना अधिकारी काही तरी पाहायचे आणि ‘हे असे नको, तसे करा’ म्हणायचे. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा बदलांची संख्या चारशेच्या घरात गेली. प्रत्येक बदल एकट्याने पाहिला तर लहानच. पण सॉफ्टवेअरमध्ये एक विट हलवली की कुठली भिंत हलेल, याचा नेम नसतो.

हे थोपवायचे कोणी? अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी केलेल्या तपासणीत आढळले, की ट्रिलॉजीच्या काळात माहिती तंत्रज्ञानाची सूत्रे पंधरा निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या हातून गेली. त्यांत माहिती विभागाचे कायम किंवा हंगामी असे पाच प्रमुख होते आणि निरनिराळ्या भागांचे दहा प्रकल्प व्यवस्थापक. नव्या माणसाने आधीचे समजून घ्यावे, तोवर तो बदलून जावा, असा प्रकार. करारही असा, की होईल तो खर्च कंपनीला भरून मिळणार आणि वर मोबदला. अमुक तारखेला अमुक भाग चालता झालाच पाहिजे, असे टप्पे त्यात ठोसपणे घातलेले नव्हते.

डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने सुमारे सात लाख ओळींची आज्ञावली सुपूर्द केली. एफबीआयने १७ दोष दाखवून ती नाकारली. हे दोष पुढे उकलून ५९ झाले. वाद लवादाकडे गेला. लवादाचा निष्कर्ष असा, की ५९ पैकी ४० चुका कंपनीच्या आणि १९ बाबी एफबीआयने मागाहून बदललेल्या गरजांच्या. हा निवाडा वाचला की कोणा एकाला खलनायक ठरवण्याचा मोह आवरावा लागतो. ठेकेदाराने ‘नाही’ म्हटले नाही आणि ग्राहकाने ‘पुरे’ म्हटले नाही. दोघांनाही काय घडते आहे ते कळले तेव्हा तीन वर्षे सरली होती. नवे संगणक आणि नवे जाळे उशिरा का होईना मिळाले. सॉफ्टवेअर मात्र कधीच मिळाले नाही.

माणसे वाढवली की उशीर वाढतो

प्रकल्प मागे पडतो आहे असे लक्षात आल्यावर बहुतेक व्यवस्थापकांचा पहिला विचार असतो, आणखी माणसे घेऊ. या उपायाचा फोलपणा पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिला गेला आहे. १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ या संगणकांची घोषणा केली. त्यांच्या कार्यप्रणालीचे काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होते. एका टप्प्यावर त्या कामात हजाराहून अधिक माणसे गुंतली होती, तरीही ते उशिराने आणि अंदाजापेक्षा कितीतरी अधिक खर्चाने पार पडले. या अनुभवावर ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. ब्रुक्स यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांचे निरीक्षण मात्र आजही ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून शिकवले जाते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसांची भर घातली तर उशीर कमी न होता वाढतो, असा त्याचा आशय.

हे असे का व्हावे? गहू दळायचे असतील तर दोन चक्क्यांवर निम्म्या वेळात दळून होतील, कारण दाण्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मात्र सतत एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. तीन जणांच्या चमूत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या तीन. दहा जणांत त्या ४५ होतात आणि पन्नास जणांत तब्बल १२२५! शिवाय नव्याने आलेल्याला काम समजावून सांगायला वेळ काढणार कोण? तर आधीच दमलेले, प्रकल्पाची खडान्‌खडा माहिती असलेले जुने अभियंते. म्हणजे ज्यांच्या हातून काम होण्याची सर्वाधिक शक्यता, त्यांचेच हात बांधले जातात.

ब्रुक्स यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला होता. मोठ्या प्रणालीची रचना एका किंवा मोजक्या डोक्यांतून आलेली असावी, म्हणजे ती एकसंध राहते. लिहिणारे हात अनेक असोत. रचनेचा अंतिम शब्द मात्र एकाचा हवा. आठशे पानांत सर्वांच्या सर्व मागण्या गोळा करणे हे याच्या नेमके उलट होते.

एका रात्रीत सगळे

व्हर्च्युअल केस फाइलच्या योजनेत आणखी एक धोका दडलेला होता. ठरलेल्या एका दिवशी जुनी प्रणाली बंद करायची आणि देशभर सर्वत्र नवी सुरू करायची, असे ठरले होते. नवी चालली नाही तर? जुनीकडे परतण्याची वाट आखलेली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी मे २००४ च्या अहवालात या बेतावर स्पष्ट शब्दांत टीका केली. एफबीआयच्या सुदैवाने तो दिवस उजाडलाच नाही.

मुंबईकरांना मात्र असा दिवस अनुभवावा लागला आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या, म्हणजे गठ्ठ्यांची ने-आण वाचते आणि गुणांची बेरीज चुकत नाही. परंतु हा बदल एखाद्या विद्याशाखेपासून सुरू न करता सर्व विद्याशाखांना एकदमच लागू झाला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, हजारो प्राध्यापक आणि परीक्षांचा हंगाम तर सुरू झालेला. स्कॅनिंग रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, प्रणाली ऐन वेळी मंदावू लागली. परीक्षेनंतर ४५ दिवसांत निकाल लागावा हा दंडक बाजूला राहिला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आणि पुढील प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे हाल झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

त्या वेळी चर्चा झाली ती सॉफ्टवेअर चांगले की वाईट याची. पण प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा व्यवस्थापनाचा होता. एका लहान परीक्षेवर आधी प्रयोग केला असता तर स्कॅनिंगला किती वेळ लागतो, प्राध्यापक कुठे अडतात, हे काही हजार उत्तरपत्रिकांतच कळले असते. ते १७ लाखांवर कळले आणि तोवर मागे फिरण्याची वेळ निघून गेली होती.

पंधरा दिवसांचा हिशेब

आता पुन्हा एफबीआयकडे वळू. मार्च २००६ मध्ये सेंटिनेलचे काम लॉकहीड मार्टिन या कंपनीला देण्यात आले. या वेळी चार टप्पे पाडलेले होते. सारे काम २००९ अखेर संपेल असा अंदाज होता. २०१० च्या उन्हाळ्यात चित्र असे होते, की ४५ कोटी १० लाख डॉलरच्या अंदाजपत्रकापैकी सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. उरलेल्या कामाला आणखी सहा वर्षे आणि ३५ कोटी १० लाख डॉलर लागतील, असा अंदाज एका स्वतंत्र संस्थेने दिला. पुन्हा तोच अनुभव!

जुलै २०१० मध्ये काम थांबवण्याचा आदेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये एफबीआयने सूत्रे आपल्या हाती घेतली. घेतलेला पहिला निर्णय ब्रुक्स यांना आवडला असता. माणसे वाढवण्याऐवजी कमी करण्यात आली! ठेकेदाराची सुमारे २२० माणसे होती, ती चाळीसवर आणायची. एफबीआयची ३० होती, ती बारावर आणायची, असा बेत ठरला.

दुसरा निर्णय कामाच्या पद्धतीचा होता. आधी सर्व गरजा लिहायच्या, मग सर्व रचना, मग सर्व लेखन, मग सर्व चाचण्या, या एकामागून एक जाणाऱ्या पद्धतीला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा म्हणतात. पाणी जसे उलटे चढत नाही तसे येथे मागे फिरता येत नाही. गंमत अशी, की या पद्धतीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या आपल्या निबंधातच ती जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे, असे बजावले होते. आकृती सर्वांनी उचलली, इशारा कोणी वाचला नाही! या पद्धतीला पर्याय शोधणाऱ्या १७ जणांनी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र येऊन एक जाहीरनामा काढला. त्यातून ‘अॅजाइल’ हा शब्द रूढ झाला. त्यातलीच ‘स्क्रम’ ही पद्धत एफबीआयने स्वीकारली. रग्बी खेळात खेळाडू खांद्याला खांदा लावून चेंडूभोवती जुंपतात, त्यावरून हे नाव आले.

पद्धत ऐकायला साधी आहे. प्रणालीने करायच्या कामांची सुमारे ६७० लहान लहान ‘कथां’मध्ये विभागणी करण्यात आली. प्रत्येक कथा वापरणाऱ्याच्या बाजूने मांडलेली. उदाहरणार्थ, ‘अधिकारी म्हणून मला माझ्या वरिष्ठांकडे अहवाल मंजुरीसाठी पाठवता आला पाहिजे.’ कथांचा क्रम लावायचा तो महत्त्वानुसार. दर दोन आठवड्यांनी वरच्या काही कथा उचलायच्या, त्या लिहून, तपासून पूर्ण करायच्या आणि पंधरवड्याच्या अखेरीस सर्वांसमोर चालवून दाखवायच्या. ‘जवळजवळ झाले’ याला येथे गुण नाहीत. चालले तर पूर्ण, नाही तर शून्य.

या साध्या नियमाने दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे, अदृश्य काम दर पंधरा दिवसांनी दृश्य होऊ लागले. सातवा स्लॅब झाला की नाही, हे आता कोणालाही पाहता येत होते. दुसरे म्हणजे, काही पंधरवड्यांनंतर चमूचा खरा वेग हाती आला. मग संपण्याची तारीख कोणाच्या आशेवर न ठरता मोजलेल्या वेगावर ठरू लागली. चूक झालीच तर ती पंधरा दिवसांची, तीन वर्षांची नव्हे.

हे सर्व गुळगुळीत पार पडले असे मात्र नाही. सप्टेंबर २०११ ही ठरवलेली तारीख टळली. ऑक्टोबर २०११ मधील मोठ्या चाचणीत, शेकडो वापरकर्ते एकाच वेळी आल्यावर, यंत्रसामग्रीला भार पेलवेना. नवी यंत्रे बसवावी लागली आणि १ जुलै २०१२ रोजी प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. अंदाजपत्रकाची मर्यादा ओलांडली गेली नाही. पुढे महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात एकूण परिणाम चांगला असल्याचे नोंदवले. शोधाच्या सोयीबाबत मात्र अनेकांची तक्रार कायम होती. शिवाय आधीच्या टप्प्यांत झालेले कामही या चमूच्या उपयोगी पडले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अॅजाइल ही जादूची कांडी नव्हे. पण ऑक्टोबरमधील ती चाचणी फसली, हे सर्वांना ऑक्टोबरमध्येच कळले, हाच खरा फरक आहे. व्हर्च्युअल केस फाइलमध्ये अशी बातमी वर पोहोचायला तीन वर्षे लागली होती.

आपल्याकडे काय घ्यावे?

हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील काचेच्या इमारतींत आज ‘स्क्रम’, ‘स्प्रिंट’ हे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले आहेत. सकाळची पंधरा मिनिटांची उभ्याने घ्यायची बैठक आता कोणाला नवी नाही. पण शब्द आले म्हणजे आशय आला, असे होत नाही. सकाळच्या बैठकीत प्रत्येकाने ‘काम चालू आहे’ म्हणायचे आणि परदेशातील ग्राहकाला रात्रीच्या फोनवर ‘होऊन जाईल’ सांगायचे, तर आठशे पानांच्या आराखड्यात आणि या बैठकीत फरक तो काय?

आपल्याकडील अभियंत्याची अडचण अनेकदा तांत्रिक नसते. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ‘या तारखेला हे होणार नाही’ हे सांगणे त्याला उद्धटपणाचे वाटते. मुदत आधी ठरते, अंदाज मागून मागवला जातो. मग तो अंदाज मुदतीशी जुळवून दिला जातो. याचा हिशेब शेवटी रात्रीच्या जागरणांत आणि बुडालेल्या सुट्ट्यांत चुकता होतो. म्हणूनच वाईट बातमी लवकर आणणाऱ्याला शाबासकी देणारा व्यवस्थापक हा कोणत्याही पद्धतीपेक्षा मोलाचा. बातमी आणणाऱ्यावरच जो डाफरतो, त्याला पुढच्या वेळी हिरवा रंगच दाखवला जातो.

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांनाही, मग ते सरकारी खाते असो, सहकारी बँक असो वा शाळा, या दोन प्रकल्पांतून काही गोष्टी घेता येतील.

• निर्णय घेणारा एक माणूस नेमा आणि काम संपेपर्यंत तो बदलू नका. समिती सल्ला देऊ शकते. ‘हे नको’ म्हणायला माणूस लागतो.

• ठेकेदाराकडे टक्क्यांत प्रगती विचारू नका. ‘काय चालते ते दाखवा’ म्हणा आणि तेही दर पंधरा दिवसांनी.

• जो प्रणाली रोज वापरणार आहे, त्या कारकुनाला, शिक्षकाला वा अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून पडद्यापुढे बसवा. त्याची तक्रार सुरुवातीला स्वस्त असते, शेवटी महाग.

• उशीर होत असेल तर माणसे वाढवण्यापूर्वी कामे कमी करता येतात का ते पाहा. चाचण्या मात्र कधीही कमी करू नका.

• नवी प्रणाली आधी एका शाखेत, एका तालुक्यात, एका विषयात चालवून पाहा. जुनीकडे परतण्याची वाट खुली ठेवा.

यांतील एकही गोष्ट समजण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती विचारण्याची सवय आणि ऐकण्याची तयारी. सतरा लाख उत्तरपत्रिकांचा गोंधळ असो वा कुरियरने गेलेली छायाचित्रे, त्यांची किंमत मोजली ती प्रणाली मागवणाऱ्यांनी वा बनवणाऱ्यांनी नव्हे, तर तिच्यावर विसंबलेल्या माणसांनी. प्रकल्प शेवटच्या दिवशी बुडालेला दिसतो एवढेच. तो बुडत असतो रोज थोडा थोडा, कोणी न विचारलेल्या प्रश्नांत आणि कोणी न सांगितलेल्या उत्तरांत. तो तरतोही तसाच, दर पंधरा दिवसांनी कोणी तरी ‘दाखवा पाहू’ म्हटल्यामुळे.